एकोणतीस अंशांवर

मोंढ्यामागे, सीताफळांच्या उतू आलेल्या पाट्यांपाशी
सोजर सानप बाटली उघडी धरून उकिडवी बसली,
तळातल्या केळाच्या फोडीवर
चिलटं उतरेपर्यंत हलली नाही.
अडत्या म्हणाला, माश्या नेणारं गिऱ्हाईक
अंबाजोगाईत पहिल्यांदाच बघायलो.

प्रयोगशाळेत होत्या त्या जुन्या माश्या.
माझ्या सरांच्या सरांनी आणलेल्या,
रवा, गूळ, अगर, यीस्ट खाऊन
पन्नास वर्षं या बाटलीतून त्या बाटलीत गेलेल्या.
त्या आत कोंडल्या गेल्यावर
रानातल्या माश्यांत एक तुकडा शिरला:
गुणसूत्रातला, चार ओळींचा, स्वतःला कातरून घेणारा,
उठतो आणि भलत्याच शब्दाच्या मधोमध जाऊन बसतो.
आतल्यांना त्याची बातमीही नाही.

आधीच्या सात बाटल्यांत काहीच दिसलं नव्हतं.
आठवी सीताफळांवरची.
बाहेरचा नर, आतली मादी,
पेटीचा काटा एकोणतीसवर,
कारण थंडीत हा तुकडा फारसा बोलत नाही.

लेकी निघाल्या धडधाकट, लाल डोळ्यांच्या.
सोजरने एकेक दोन काचांमध्ये दाबली.
अंडं नाही.
अंडं नाही.
पंचविसाव्या माशीनंतर तिने मोजणं थांबवलं
आणि ईथरची बाटली घट्ट बंद केली.

मग उलटं. बाहेरची मादी, आतला नर.
तोच तुकडा, तेच एकोणतीस.
काचेखाली भिजलेल्या साबुदाण्यासारखी
अंडीच अंडी.

"बापाकडून आला तर नासाडी करतो,
आन् आईकडून आला तर गुमान बसतो?
असं कसं मॅडम?"

आई अंड्यात नुसती गुणसूत्रं टाकत नाही, मी म्हटलं.
बारीक चिठ्ठ्याही टाकते, मुठी भरभरून,
प्रत्येकीवर त्या तुकड्याचंच अक्षर, उलटं.
तो तोंड उघडायला जातो
तोच चिठ्ठी येऊन ओठांना चिकटते.
चिठ्ठ्या कुठून येतात?
गुणसूत्राच्या एका अडगळीतून,
जिथे पूर्वीचे घुसखोर मोडून पडलेत;
त्यांच्या हाडांवरचं वाचून वाचून.

सोजर वहीत उतरवून घेत होती.
आणि मला मोह झाला.
दसरा झालेला, तिच्या गावच्या टोळ्या
निघायच्या बेतात होत्या,
म्हटलं, बघ ना, तुमचंही तसंच,
या ओळीतून उठून त्या ओळीत...

पेन थांबलं.
"आम्ही उड्या नाही मारत मॅडम.
मुकादम उचल देतो. मग ट्रक येतो."

फळ्यावर मी काढलेला बाण
मी हातानेच पुसला.

दिवाळीनंतर तिचा नंबर हजेरीत रिकामा.
धाकट्या भावाला सांभाळायला कोपीवर कुणी नव्हतं.
बाटल्यांवर तिच्या अक्षरातल्या चिकटपट्ट्या राहिल्या:
"आतली आई", "बाहेरची आई",
आणि एकीवर नुसतंच "हिच्याकडे लक्ष".

पौषात एका रात्री फोन आला, कराडच्या पलीकडून.
"बाटल्या बदलल्या का?
गरम पेटीतल्या जास्त दिवस ठेवू नका, बुरशी धरते."
मागे ट्रॅक्टर, कुणीतरी मोळ्या मोजत होतं.

मला तिला एक सांगायचं राहिलं होतं.
माशीच्या गुणसूत्राचं टोक
दर पिढीला थोडं झिजतं, पदराच्या दशा सुटाव्यात तसं.
आपल्याकडे ते सांधणारा कारागीर आहे,
माशीकडे नाही.
तिच्याकडे हेच भटके येतात, पण दुसऱ्या कुळातले,
टोकावर जाऊन बसतात, एकावर एक,
आणि झिजतात ते तेच,
आतलं अक्षर शाबूत राहतं.
ही तुलना नाही, सोजर,
मी कशाशीच जोडत नाहीये.

"आवाज फाटायला," ती म्हणाली,
"टोकापासून परत सांगा."

मी परत सांगायला लागले.
मध्येच कुठंतरी फोन कटला, मला कळलं नाही,
मी बोलत राहिले, हातात तिची ती बाटली,
काचेला आतून
तपकिरी कोश चिकटायला लागले होते.